मरगेणसू म्हणजे रताळं नव्हे

ताई, तुम्ही खानापूरकडून लिहिलंय. शेजारच्या केरळी कुटुंबानं गावाहून आणलेले मरगेणसूचे, म्हणजे टॅपिओकाचे (कसावाचे), पाच कंद तुम्हाला दिले. ‘गेणसूच आहे की’ म्हणून त्यातले दोन तुम्ही रताळ्यासारखे सालीसकट कुकरला लावले आणि तीन शिट्ट्या काढल्या. एक बरा लागला, दुसरा कडू. सासूबाईंनी ‘टाकायचं कशाला’ म्हणत कडूच खाल्ला. दोन तासांनी त्यांना मळमळलं, उलटी झाली, डोकं गरगरलं. संध्याकाळपर्यंत बऱ्या झाल्या. आता तुमचे प्रश्न: शिट्ट्या कमी पडल्या का, साबुदाणा याचाच होतो मग हा विषारी कसा, उपवासाला चालतो का, आणि उरलेल्या तीन कंदांचं काय करायचं, त्यांना आज आठवा दिवस.

शिट्ट्या कमी पडल्या नाहीत. दहा काढल्या असत्या तरी कडू तो कडूच राहिला असता. खरी गडबड नावानं केलीय. कन्नडमध्ये मर म्हणजे झाड आणि गेणसू म्हणजे रताळं, झाडाचं रताळं. आपल्या भागात रताळं कोणाला शिकवावं लागत नाही. बेळगुंदी, उचगाव, किणये, खानापूर, पलीकडं चंदगड, सगळीकडं पिकतं आणि बेळगावच्या मार्केट यार्डातून ट्रक भरभरून बाहेर जातं. त्यामुळं गेणसू म्हटलं की हात आपोआप ठरलेलं काम करतो: माती धुवायची, अख्खं शिजवायचं, साल हातानं ओढायची. मरगेणसूच्या बाबतीत धुणं सोडलं तर बाकी दोन्ही गोष्टी उलट आहेत. हे रताळ्याच्या नात्यातलं झाडही नाही. एरंडाच्या कुळातलं आहे, हे लक्षात ठेवलं तरी हात जरा सांभाळून चालतो.

मी बेळगावात कॅम्प भागात चोवीस वर्षं डबे देते. सुरुवातीला आमच्या वाड्यात एका केरळी हवालदाराचं बिऱ्हाड होतं. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे चेची, म्हणजे मल्याळीत ताई, म्हणायचो. त्यांनी एकदा मला दोन कंद दिले आणि मीही तुमच्यासारखंच केलं. फक्त कुकरऐवजी चुलीच्या आरात भाजले. आमचे हे पहिला घास तोंडात घालून म्हणाले, “काय गे हे, औषध घातलीस काय?” ते मी टाकून दिलं, त्यामुळं कोणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी चेचींना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. “दीदी, छिलका निकालना, और पहला पानी फेंकना. हमेशा.” त्यानंतर डब्याला दक्षिणेकडची पोरं आली तेव्हा मी हा पदार्थ आठवड्याला करू लागले. आजवर कोणाची तक्रार नाही. पण मी चेचींचा नियम एकदाही मोडलेला नाही.

आता हे असं का, ते सांगते, कारण कारण कळलं की नियम पाठ करावा लागत नाही. या कंदात लिनामरिन नावाचं एक द्रव्य असतं. त्याच कंदात एक विकरही (एन्झाइम) असतो, जो लिनामरिन फोडतो आणि त्यातून सायनाइडचा वायू सुटतो. कंद अख्खा असतो तोवर दोघं वेगवेगळ्या खोल्यांत असतात. कापला, ठेचला, किसला की भिंती पडतात आणि गाठ होते. उंदीर-किड्यांपासून बचावाची झाडाची ही तजवीज. सुटलेला वायू साधारण २६ अंशांनाच उकळतो, म्हणजे उघड्या पातेल्यातून वाफेबरोबर निघून जातो. त्याची भीती उघड्या भांड्यात फारशी नाही. भीती न फुटलेल्या लिनामरिनची. ते उष्णतेनं सहज मोडत नाही, वाफेबरोबर उडतही नाही. ते पाण्यात मात्र विरघळतं.

तुमच्या कुकरमध्ये काय झालं ते आता बघा. अख्खा जाड कंद सालीसकट, बहुतेक डब्यात ठेवून, खाली दोन वाट्या पाणी. आत भराभर उष्णता चढली आणि विकर मेला. लिनामरिन तसंच राहिलं. ते बाहेर पडायला पाणी नाही, पडलं तरी ओतून दिलं नाही. वरून साल शाबूत, आणि सालीत गरापेक्षा हे द्रव्य बरंच जास्त असतं. मग ते पोटात गेल्यावर तिथले जंतू ते फोडतात. कंद मऊ झाला, शिजला, पण निर्धोक झाला नाही. रताळ्यात या दोन गोष्टी एकच असतात, म्हणून आपल्याला त्यांतला फरक सुचत नाही.

एक कडू आणि एक बरा का, याचं उत्तर मात्र परिस्थितीवर आहे. जातीवर आहे, जमिनीवर आहे, पावसानं ताण दिला की कडवटपणा वाढतो, आणि एकाच झाडाच्या दोन कंदांतही फरक पडतो. ज्या कंदात किलोमागं ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी सायनाइड सुटू शकतं त्याला गोडा म्हणतात. १०० च्या वर गेला की कडू. केरळात घरी खायला ‘एम-४’ ही मलायातून आलेली जात पूर्वीपासून आवडीची. तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यमला १९६३ मध्ये केंद्र सरकारची कंदपिकांची संशोधन संस्था निघाली. तिच्या ‘श्री जया’, ‘श्री विजया’ या जाती सहा-सात महिन्यांत येतात आणि शिजायला चांगल्या. त्याच संस्थेची ‘एच-२२६’ तामिळनाडूत साबुदाण्याच्या कारखान्यांसाठी भरपूर लावतात, आणि तिच्यात कडवटपणा जास्त. पण बाजारातल्या ढिगावर जातीची पाटी नसते. तुमच्या शेजाऱ्यांनाही बहुधा ‘गावाकडचा’ एवढंच माहीत असणार. म्हणून मी प्रत्येक कंद कडू आहे असंच धरून चालते.

केरळी लोकांना रोज खाऊन काही होत नाही मग आपल्यालाच का, असं सासूबाई विचारतील. त्यांच्याकडं हे पीक पोर्तुगीजांबरोबर आलं आणि १८८० ते १८८५ या काळातले त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी ते लोकांत रुजवलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला तेव्हा घरोघरी पोटाला आधार याचाच होता. एवढ्या पिढ्यांत साल काढणं आणि पाणी ओतणं त्यांच्या हातात इतकं मुरलंय की देताना सांगायचंही सुचत नाही. आपण कोणाला सुरण देताना ‘चिंच घाल बरं का’ म्हणतो का?

सुरणावरून आठवलं. चिंच-आमसूल घालून मरगेणसूचा दोष जात नाही. सुरणाची खाज बारीक सुयांसारख्या स्फटिकांची असते, त्याच्यावर आंबट चालतं. इथला प्रश्न खाजेचा नाही. त्यापेक्षा कडू करांदे पाणी बदलून उकडायची जी जुनी रीत आहे, ती याच्या जवळची.

आता हाताचं काम. आधी निवड. कंद टणक हवा, भेगा नकोत, दाबल्यावर मऊ लागू नये. बाजारात विक्रेत्याला एक मोडून दाखवायला सांगा. खोबऱ्यासारखा पांढरा दिसला पाहिजे. आत निळ्या-काळ्या रेषा दिसल्या तर घेऊ नका. जमिनीत हा कंद काढणीला आल्यावरही महिना-दोन महिने चांगला राहतो, म्हणून परड्यात झाड असेल तर लागेल तेवढाच उकरायचा. पण एकदा बाहेर काढला की दोन-तीन दिवसांतच आतून काळा पडू लागतो. रताळी पोत्यात पंधरा दिवस राहतात, त्या हिशेबानं हा ठेवू नका.

सोलायला सोलणी चालत नाही. वर खरखरीत तपकिरी पापुद्रा असतो आणि त्याच्या आत गुलाबीसर किंवा पांढरी जाड साल. सोलणीनं पापुद्रा तेवढा निघतो आणि बाई म्हणते झालं सोलून. ती आतली जाड सालच काढायची असते. कंदाचे चार-चार बोटांचे तुकडे करा, प्रत्येकाला सुरीनं उभी चीर द्या, फक्त सालीच्या जाडीइतकी खोल. मग सुरीचं टोक चिरेत घालून कलतं करा, साल पट्ट्यासारखी सुटत येते. पहिल्या दोन तुकड्यांना वेळ लागतो, तिसऱ्यापासून हात बसतो. विळीवर करणार असाल तर जपून, ताजा कंद निसरडा असतो. किलोचा पाऊण किलो हाती लागतो. मधोमध दोऱ्यासारखी शीर असते, ती उभा काप केला की ओढून निघते. राहिली तर शिजल्यावर काढा.

मग तुकडे लहान करा. हे मी मुद्दाम वेगळं सांगते, कारण पुष्कळ जणी मोठे ठेवतात, दिसायला चांगले म्हणून. मी अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठा तुकडा ठेवत नाही. लहान तुकड्यात जास्त भिंती फुटतात, विकराला काम करता येतं, आणि राहिलेलं लिनामरिन पाण्यात उतरायला वाट मिळते. तुकडे धुवून अर्धा-एक तास पाण्यात ठेवते, ते पाणी ओतते. एवढ्यानं सगळं जात नाही. भिजवलं म्हणून उकडण्यात सवलत घ्यायची नाही. आणि रात्रभर भिजवून ओट्यावर विसरू नका, उन्हाळ्यात आंबूस वास येतो.

उकडताना मोठं पातेलं घ्या आणि पाणी भरपूर, किलोला पाच लिटर तरी. तुकडे थंड पाण्यातच घाला आणि मग आच लावा. उकळत्या पाण्यात टाकले तर विकर लगेच मरतो. थंडापासून तापवलं तर त्याला तेवढा वेळ मिळतो. झाकण ठेवायचं नाही. खिडकी उघडी. मी मीठ शेवटी घालते. उकळी फुटल्यावर वीस ते तीस मिनिटांत सुरी सहज आत जाते आणि तुकड्यांच्या कडा उमलल्यासारख्या होतात. मग सगळं पाणी ओतून रोवळीत निथळत ठेवायचं. कंद कुठला ते माहीत नसेल तर दहा मिनिटांनी पाणी ओतते, दुसरं पाणी घालून पुढं शिजवते. गॅस थोडा जास्त जातो, जाऊ दे. कुकर हवाच असेल तर या पहिल्या उकळीनंतर, ताज्या पाण्यात.

चवीबद्दल एक बारकी गोष्ट. शिजल्यावर एक तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर सगळा घाणा टाकून द्या, गूळ घालून, मसाला घालून वाचवायला जाऊ नका. पण उलटं धरू नका. कडू नाही म्हणजे सोलायची-ओतायची गरज नव्हती, असा अर्थ होत नाही. आणि कच्चा तुकडा चाखून परीक्षा तर मुळीच नको.

रताळ्याच्या सवयीनं होणाऱ्या आणखी दोन गोष्टी. रताळ्याचा कीस आपण कच्चाच कढईत टाकून परततो, तसा याचा करू नका. आणि कच्च्या चकत्या थेट तेलात सोडू नका. तळताना पाण्यात उतरून जायची वाटच नसते. मी चकत्या आधी उकडते, पंख्याखाली कोरड्या करते, मग तळते. दुकानातल्या चिप्ससारख्या पातळ होत नाहीत, जाडसर होतात, पण लाल तिखट-मीठ भुरभुरलं की पोरं ताट रिकामं करतात.

पदार्थ एकच सांगते, बाकी तुम्ही करालच. किलोभर उकडलेल्या मरगेणसूला एका लहान नारळाचं ओलं खोबरं, एक चमचा जिरं, चार हिरव्या मिरच्या, पाच-सहा पाकळ्या लसूण, पाव चमचा हळद. जाडसर वाटायचं, पाणी अगदी थोडं. निथळलेले तुकडे गरम असतानाच पळीनं अर्धवट मोडा, वाटण घाला, मीठ घाला, मंद आचेवर पाच मिनिटं वाफ. वरून खोबरेल तेलात मोहरी, सुकी मिरची, भरपूर कढीपत्ता. खोबरेल नको वाटलं तर शेंगतेल, पण मग तो वास नाही. आमच्या डब्यात यासोबत बांगड्याचं कालवण असतं. चेची त्यात कुडमपुळी घालायच्या; ती आपल्या आमसुलाचीच भावकी, म्हणून मी आमसूल घालते आणि दोन त्रिफळं. चेचींनी त्रिफळाचा वास घेऊन तोंड वाकडं केलं होतं, मग वाटीभर मागून नेलं.

मासा असण्यामागं चवीपलीकडं कारण आहे. या कंदात पिष्ट भरपूर, पण प्रथिनं जेमतेम एक टक्का. राहिलेलं थोडंफार सायनाइड शरीर गंधक वापरून निकामी करतं, आणि ते गंधक प्रथिनांतून मिळतं. म्हणून मासे, अंडं, डाळ यांपैकी काहीतरी सोबत हवंच. नुसत्या मरगेणसूवर पोट भरू नये. निकामी होताना जे तयार होतं ते आयोडीनच्या आड येतं, तेव्हा थायरॉईडचं दुखणं असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हे रोजचं अन्न करू नये, डॉक्टरांना विचारून खावं. साखरेच्या रुग्णांना भाताइतकाच हिशेब, म्हणजे भात आणि हे दोन्ही नको.

साबुदाणा याचाच, हे खरं. तामिळनाडूत सेलमच्या भागात १९४० च्या दशकात हा धंदा उभा राहिला. पण तिथं कंद सोलतात, दळतात, खूप पाण्यानं धुतात, खाली बसलेलं पांढरं सत्त्व तेवढं घेतात आणि त्याचे दाणे करून भाजतात, वाळवतात. दळल्यानं लिनामरिन फुटतं आणि उरलेलं पाण्याबरोबर वाहून जातं. म्हणजे साबुदाणा म्हणजे हा कंद जसाच्या तसा नव्हे, चेचींचा नियम कारखान्यानं पुरता पाळून उरलेला भाग. उपवासाचं म्हणाल तर साबुदाणा चालतो त्याला त्याचा कंद का चालू नये, असं मला वाटतं. जिरं, मिरची, तूप, दाण्याचं कूट घालून सुरेख होतो. पण तुमच्या घरी काय चालतं ते सासूबाई ठरवणार, मी नाही. आणि या प्रकारानंतर एकादशीला त्यांच्या पुढ्यात हाच ठेवायचा का, ते तुम्ही ठरवा!

सासूबाईंना झालं ते यामुळंच, असं मी छातीठोक सांगणार नाही, मी डॉक्टर नाही. पण कडू कंद आणि दोन तासांत उलटी-गरगर, हे जुळतं. पुन्हा कोणाला असं झालं, विशेषतः लहान मुलाला, आणि सोबत धाप लागली, ग्लानी आली, तर लिंबूपाणी देत बसू नका. थेट दवाखाना, आणि काय खाल्लं ते आधी सांगा.

आता तुमचे तीन कंद. आठ दिवस म्हणजे बहुधा गेलेच, पण एक मधोमध कापून बघा. निळ्या-काळ्या रेषा, आंबूस वास, बोटाला मऊपणा, यातलं काहीही असेल तर तिन्ही टाका. अगदी पांढरा निघाला तर वर सांगितल्यासारखं, दोन पाण्यांत. पण साली, टाकलेले तुकडे किंवा उकडलेलं पाणी शेळ्यांपुढं, म्हशींपुढं टाकू नका. ताज्या साली आणि पाला खाऊन जनावरं दगावतात. खड्ड्यात घाला आणि वर माती ओढा, शेळी उकरणार नाही इतपत. शेजाऱ्यांनी झाडाची कांडी दिली असेल तर ती मात्र जूनमध्ये परड्यात लावा, शेळीपासून लांब, आणि कुंपणाच्या आत.